मद्यपेटीचें कुलूप

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं मुंबईच्या चोरबाजारांत जुनीं पुस्तकें धुंडाळीत असतां एका दुकानाच्या कोपऱ्यांत ठेवलेली काळी लांकडी पेटी आमच्या दृष्टीस पडली. दीड वीत लांब आणि सव्वा वीत उंच अशी ती होती. झांकणावर पितळेची आणि शिंपल्याच्या तुकड्यांची वेलबुट्टी असून मध्यभागीं मालकाचीं आद्याक्षरें कोरण्यासाठीं लहानशी ढाल बसविली होती; ती मात्र कोरीच राहिली होती. दुकानदारानें झांकण उचललें, पुढची व दोन्ही अंगांच्या फळ्या बिजागऱ्यांवर बाहेर उघडल्या, आणि आंतून मुलामा दिलेली एक पितळी चौकट वर काढली. तिच्यांत चौकोनी घाटाच्या चार कांचेच्या सुरया उभ्या होत्या. भोंवतीं कड्यांत अडकविलेले इवलेसे प्याले. प्याल्यांच्या जागा सोळा, प्याले अकरा. दुकानदार कांचेची तारीफ करूं लागला. आमचें लक्ष मात्र कुलपाकडे लागलें होतें. किल्ली केव्हांच हरवलेली. कोणीतरी पटाशीनें कुलूप उचकटलेलें. आणि त्या झटापटींत वरच्या काळ्या पापुद्र्याचा बोटभर तुकडा उडालेला. एवढ्या नाजूक वस्तूला कुलूप कशाला, आणि कोणासाठीं, हा प्रश्न तेव्हां मनांत आला तो घरीं येईपर्यंत सुटला नाहीं. पुढें या जातीच्या पेट्यांविषयीं जें वाचनांत आलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख.

फ्रेंच लोक या पेटीला ‘काव्ह आ लिकर’ म्हणतात. ‘काव्ह’ म्हणजे तळघर. फ्रान्समधील बऱ्या स्थितींतल्या घराखालीं द्राक्षासवाचें तळघर असे; त्याचीच ही टेबलावर मांडण्याजोगी लहान प्रतिकृति. बाटल्या ठेवण्याच्या कुलुपी पेट्या प्रवासी लोक पूर्वींपासून वापरीत. परंतु दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु म्हणून तिची भरभराट झाली ती एकोणिसाव्या शतकांत, व विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या बादशाहींत, म्हणजे १८५२ पासून १८७० पर्यंत. जेवण आटोपून कॉफी झाली, कीं यजमानानें किल्ली काढावी, पेटी उघडावी, आणि ज्याला जें रुचेल तें विचारून ओतून द्यावें, असा शिरस्ता होता. पेटींतलीं पेयें जेवतांना प्यावयाच्या द्राक्षासवाहून निराळीं : कोन्याक ब्रँडी, नारिंगाच्या सालीची क्युरासाव, कार्थुसियन साधूंची वनस्पतींपासून काढलेली शार्त्रज, किंवा फेकां गांवच्या अलेक्झांड्र ल ग्रां या व्यापाऱ्यानें १८६३ त काढलेली बेनेदिक्तीन. या शेवटच्या पेयाची कृति आपल्याला एका जुन्या मठाच्या पोथींत सांपडली, अशी कथा त्या व्यापाऱ्यानें पसरविली होती. धर्माच्या नांवानें दारूही चांगली खपते, हें त्यानें ओळखलें असावें. हीं पेयें तीव्र व महाग, म्हणून प्याला अंगठ्याएवढा. ‘एकच प्याला’ पाहिलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला वाटेल कीं, हें कुलूप मद्यप्यानें स्वतःलाच घालून घेतलेलें असावें. तसें नव्हतें. किल्ली पिणाऱ्याच्याच खिशांत असे.

प्रथम कारागिरी पाहूं. पेटीचा सांगाडा साध्या लांकडाचा करून त्यावर मौल्यवान लांकडाचा पातळ पापुद्रा सरसानें चिकटवीत. पूर्वीं हा पापुद्रा हातकरवतीनें काढावा लागे. एकोणिसाव्या शतकांत यंत्राची करवत आली, पापुद्रा अधिक पातळ व स्वस्त निघूं लागला, आणि शिसवाचें वा आबनुसाचें रूप मध्यम स्थितींतल्या गृहस्थाच्याही आवांक्यांत आलें. ज्याला खरा आबनूस परवडत नसे त्याच्यासाठीं नासपतीचें लांकूड काळें रंगवीत. तें घोटलें म्हणजे जाणत्यालाही क्षणभर फसवी. जडावकामाच्या ज्या पद्धतीची या काळांत नक्कल होई तिला आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या चौदाव्या लुईच्या कारागिराचें नांव आहे. पितळेचा पत्रा व कासवाच्या कवचाचा पत्रा एकावर एक ठेवून दोहोंतून एकदमच नक्षी कापावयाची. म्हणजे कवचांतल्या खाचेंत पितळेचा तुकडा बिनचूक बसतो, आणि उरलेल्या तुकड्यांतून त्याच नक्षीची उलट प्रत तयार होते. दीड शतकाहून अधिक काळ लोटल्यावर या युक्तीची पुन्हां एवढी लाट आली कीं घड्याळें, कपाटें, लेखनाचीं मेजें व मद्यपेट्या सारीं बूलच्या वेलबुट्टीनें भरून गेलीं.

या पेट्यांवर वारंवार दिसणारें दुसरें लांकूड म्हणजे थुया. उत्तर आफ्रिकेंतील या झाडाच्या बुडाशीं गांठी येतात; त्या कापल्या म्हणजे आंत मधाच्या रंगावर दाट ठिपके उमटलेले दिसतात. रोमन लोक या लांकडावर लुब्ध होते. सिसेरोनें त्याच्या एका मेजासाठीं पांच लक्ष सेस्टर्स मोजले, असें प्लिनी सांगतो. १८३० त फ्रेंचांनीं अल्जीयर्स घेतलें, आणि पुढें कांहीं वर्षांतच हें लांकूड पॅरिसच्या दिवाणखान्यांत येऊन बसलें. पेटीच्या झांकणावर लांकडाबरोबर राज्यविस्ताराचाही एक पापुद्रा चिकटलेला असे.

मुलाम्याची कथा याहून दुःखाची आहे. सोनें पाऱ्यांत कालवून तो लेप धातूवर द्यावयाचा, आणि मग विस्तवावर धरून पारा उडवून लावावयाचा, ही जुनी पद्धति. सोनें धातूवर राही. पारा कारागिराच्या छातींत जाई. दांत हालत, हात कांपूं लागत, व ऐन उमेदींत माणूस निकामी होई. पॅरिसचा प्रसिद्ध कांस्यकार रावरियो हा १८१४ त वारला, तेव्हां त्यानें मृत्युपत्रांत तीन हजार फ्रँक निराळे काढून ठेवले होते. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याच्या धुरापासून वांचविण्याची युक्ति जो काढील त्याला तें बक्षीस द्यावयाचें होतें. आपली श्रीमंती कोणाच्या जिवावर उभी राहिली हें त्याला पक्कें ठाऊक असलें पाहिजे. दार्से नांवाच्या रसायनज्ञानें धूर ओढून नेणारी भट्टी रचून १८१८ त तें बक्षीस मिळविलें. पुढें विजेच्या प्रवाहानें मुलामा देण्याची कृति निघाली. १८४२ त क्रिस्तोफ्लच्या कारखान्यानें तिचे फ्रान्समधील हक्क मिळविले, आणि पाऱ्याची भट्टी हळूहळू मागें पडली.

कांचेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण तींतच खरेदीदार फसतात. जी ती सुरई बक्काराची, असें विक्रेते सांगतात. बक्कारा येथील कारखाना १७६४ तला, व शिसें घातलेली स्फटिकासारखी कांच तेथें १८१६ पासून होऊं लागली, एवढें खरें. परंतु त्या कारखान्याची कोरलेली खूण सर्व मालावर नियमानें येऊं लागली ती १९३६ पासून. त्यामुळें तिसऱ्या नेपोलियनच्या काळच्या सुरईवर ती खूण नसणेंच स्वाभाविक. असली, तर मूळची सुरई फुटून तिच्या जागीं दुसरी आली असावी, हा संशय अधिक रास्त.

या पेट्या विकणाऱ्यांत दोन नांवें विशेष गाजलेलीं. आल्फोन्स जिरू हा हौशीच्या वस्तूंचा व्यापारी; दागेर याचा छायाचित्रणाचा शोध १८३९ त जाहीर झाला, तेव्हां त्याचा कॅमेरा बनवून विकण्यास काढला तो याच जिरूनें. दुसरा ताहां, हा खुद्द बादशहाचा पुरवठेदार. यांचीं नांवें कित्येक पेट्यांच्या कुलपावर वा आंतल्या कांठावर कोरलेलीं सांपडतात. पत्रा कापणाऱ्याचें, पापुद्रा चिकटविणाऱ्याचें नांव मात्र सांपडत नाहीं. पॅरिसच्या लांकूडकामाचें मोठें ठाणें म्हणजे बास्तीयच्या पलीकडील सेंत-आंत्वान हा मोहल्ला. १८४८ च्या जून महिन्यांत कामकरी लोकांनीं जें बंड केलें त्याचे शेवटचे मोर्चे याच मोहल्ल्यांत पडले. १८५१ च्या डिसेंबरांत लुई नेपोलियननें सत्ता बळकावली तेव्हां तिच्याविरुद्ध उभारलेल्या मोर्चावर बोदें हा लोकप्रतिनिधि गोळी लागून पडला, तोही येथेंच. पुढच्याच वर्षीं तो सत्ता बळकावणारा बादशहा झाला, आणि या मोहल्ल्याच्या हातच्या कामाला त्याचें नांव लागलें. आजही बाजारांत त्याला ‘तिसऱ्या नेपोलियनची धाटणी’ म्हणतात. मजुरीसाठीं एकत्र होऊन काम बंद ठेवणें हा त्या देशांत १८६४ पर्यंत गुन्हाच होता.

या धाटणीची पुढें बरीच निंदा झाली. तिला स्वतःचें असें कांहीं नाहीं, चौदाव्या लुईपासून जें जें हातीं लागलें तें तें एकत्र कोंबलें आहे, हा आक्षेप शंभर वर्षें ऐकूं येत होता. १९७९ त पॅरिस येथें त्या बादशाहीच्या कलेचें मोठें प्रदर्शन भरलें, १९८६ त ओर्सेचें संग्रहालय उघडलें, तेव्हांपासून रसिकांचें मत पुष्कळ निवळलें. आमच्या मतें आक्षेप खोटा नाहीं. पण तो पेटीच्या अंगाबद्दल आहे, पेटीच्या बेताबद्दल नाहीं. ज्या वस्तूचें सारें बाह्यांग ‘मला पाहा’ म्हणतें आणि जिचा एक लहानसा भाग ‘मला हात लावूं नका’ म्हणतो, ती वस्तु कोणाची नक्कल नव्हे. ती त्या शतकाचीच. म्हणून आतां कुलपाकडे वळूं.

एकोणिसावें शतक कुलपांचें शतक होतें. लंडनच्या ब्रामा यानें १७८४ त एका नव्या कुलपाचें पेटंट घेतलें. पुढें त्याच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप ठेवून तें किल्लीवांचून उघडणाऱ्यास दोनशें गिनी बक्षीस जाहीर झालें. साठएक वर्षें तें कोणी उघडलें नाहीं. शेवटीं १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें. पण त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपावें लागलें. त्या मानानें मद्यपेटीचें कुलूप अगदीं साधें. शिवाय जो चोर घरांत शिरेल तो कुलपाशीं कशाला झगडत बसेल? पेटीच कांखेंत मारून चालता होईल. अर्थात् हें कुलूप बाहेरच्या चोरासाठीं नव्हे. ज्याला पेटी उचलून नेतां येत नाहीं, जो दररोज तिच्यावरची धूळ पुसतो, ज्याला एखादा घोंट घेऊन सुरई पुन्हां जागेवर ठेवतां येईल, त्याच्यासाठीं तें आहे. तें घरच्या नोकरासाठीं आहे.

नोकराविषयींचा हा संशय फ्रान्समध्यें केवळ मनांत नव्हता, कायद्यांत होता. १७२४ च्या राजाज्ञेप्रमाणें नोकरानें मालकाच्या घरीं केलेल्या चोरीस देहान्ताची शिक्षा होती. ती इतकी भयंकर वाटे कीं कित्येक मालक फिर्यादच देत नसत. राज्यक्रांति झाली, मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. परंतु १७९१ च्या राज्यघटनेनें घरगुती नोकराला मताचा अधिकार नाकारला, कारण दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्याला स्वतःचें मत कोठून असणार? १८१० च्या दंडसंहितेंत देहान्त गेला, तरी नोकरानें केलेली चोरी ही सामान्य चोरीहून गंभीर व अधिक कडक कैदेस पात्र राहिली. आणि १८०४ च्या दिवाणी संहितेंत १७८१ वें कलम होतें तें तर मुळांतूनच वाचण्यासारखें आहे. पगार किती ठरला होता, गेल्या वर्षाचा दिला कीं नाहीं, चालू वर्षाची उचल किती दिली, यांविषयीं वाद पडल्यास मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा त्याचा आशय. नोकराच्या शब्दाविषयीं कलम मुकें आहे. तें रद्द झालें १८६८ च्या ऑगस्टांत. म्हणजे मद्यपेट्यांच्या भरभराटीचा बहुतेक काळ त्याच्या छत्राखालीं गेला.

पॅरिसचीं घरेंही याच बेतानें बांधलेलीं. ओस्मान यानें १८५३ पासून शहर पाडून नवें उभारलें, त्या इमारतींत मालकांचा जिना निराळा व नोकरांचा निराळा. नोकरांच्या कोंदट खोल्या अगदीं वर, छपराखालीं. झोलानें १८८२ च्या ‘पो-बुई’ या कादंबरींत अशाच एका इमारतीचें आंतलें स्वरूप दाखविलें आहे : पुढच्या अंगाला संगमरवर व सभ्यता, मागच्या चौकांत स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून मोलकरणींनीं एकमेकींना ओरडून सांगितलेल्या मालकांच्या भानगडी. फ्रेंच भाषेंत ‘टोपलीचा कान नाचविणें’ असा वाक्प्रचार आहे. बाजारहाट करणाऱ्या स्वयंपाकिणीनें हिशेबांत चार पैसे वाढवून सांगावे, याला तो लावतात. नोकर चोऱ्या करीत नसत, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरांत एकाचें जेवण, झोंप व अब्रू दुसऱ्याच्या शब्दावर टांगलेली असते, तेथें टोपलीचा कान नाचणारच, आणि पेटीला कुलूपही लागणारच.

इंग्रजांनीं हीच कल्पना उचलली, पण तिचें रूप पालटलें. १८८० च्या सुमारास लंडनच्या बेट्जमन या पेढीनें निराळी घडण प्रचारांत आणली. तींत सुरया झांकलेल्या नसत, उघड्या चौकटींत सर्वांना दिसत. फक्त बुचांवरून एक आडवी दांडी जाई आणि ती कुलपानें पक्की होई. याच घराण्यांत पुढें जॉन बेट्जमन हा कवि जन्मला. बापाचा कारखाना चालविण्याचें त्यानें नाकारलें, आणि १९७२ त तो राजकवि झाला. या घडणीला ‘टँटॅलस’ नांव पडलें. ग्रीक कथेंतील टँटॅलस राजा पाताळांत गळ्याइतक्या पाण्यांत उभा असतो. ओंठ लावावे तों पाणी ओसरतें. दिसतें पण मिळत नाहीं, एवढाच अर्थ ते नांव ठेवणारांच्या मनांत असेल. परंतु पिंडार कवि त्या राजाचा जो अपराध सांगतो तो ध्यानांत घेतला म्हणजे नांव अधिकच मार्मिक ठरतें. देवांच्या पंक्तीचें अमृत चोरून त्यानें आपल्या मर्त्य सोबत्यांना दिलें, हा तो अपराध. आपल्याकडे राहूनें देवांच्या पंक्तींत बसून अमृताचा घोंट घेतला, तेव्हां त्याचें शिर उडालें. वरच्यांचें पेय खालच्यानें ओंठीं लावणें हा दोन्ही पुराणांत अक्षम्य गुन्हा आहे. फ्रेंच पेटी मोह झांकून ठेवते. इंग्रजी पेटी तो दाखवून नाकारते. दोहोंतली अधिक निर्दय कोणती, हें ठरविणें कठीण.

इंग्रजांबरोबर ही कुलपाची विद्या हिंदुस्थानांतही आली. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांनीं १८८८ त येथील मडमांसाठीं गृहव्यवस्थेचें पुस्तक लिहिलें, त्यांत कोठीचें सामान रोज स्वतः मोजून काढून देण्याचा उपदेश आहे. परंतु साहेबाला हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. किल्ल्यांचा जुडगा कंबरेला खोंचून फिरणाऱ्या सासवा आपल्या घरांतल्याच, आणि कोठीबाहेर ठेवलेल्या सुनाही आपल्याच.

येथें स्वतःविषयीं एक गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. आमच्या लहानपणीं, १९७५ च्या सुमारास, साखर रेशनवर मिळे. आई साखरेचा डबा फडताळांत कुलपांत ठेवी, आणि किल्ली देवघरांत समईच्या मागें. ती जागा आम्हांस ठाऊक होती. दुपारीं सारे झोंपले म्हणजे कुलूप निघे आणि पुन्हां लागे. साखर सरते हें आईच्या ध्यानांत आलें. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईवर संशय गेला. आम्ही तिला मावशी म्हणत असूं. “वहिनी, किल्ली कुठं असते तेंसुद्धां मला ठाऊक नाहीं हो,” एवढेंच ती म्हणाली. पहिल्या तारखेपासून येऊं नको, असें तिला सांगण्यांत आलें. आम्ही दाराआड उभे राहून सारें ऐकत होतों. आम्हांला कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हीही बोललों नाहीं. आई जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. तिला शेवटपर्यंत कळलें नाहीं. पुढें फ्रेंच संहितेचें तें १७८१ वें कलम वाचतांना तें परकें वाटलें नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांत तें एकदां अमलांत आलेलें आम्ही पाहिलें होतें.

चोरबाजारांतली ती पेटी आम्ही घेतली नाहीं. पण तिच्यांतल्या प्याल्यांचा विचार मनांतून जात नाहीं. पाहुणे गेले म्हणजे यजमान सुरया आंत ठेवून कुलूप लावीत असेल. परंतु प्याले गोड मद्यानें चिकट झालेले, ते तसेच आंत ठेवतां येत नाहींत. ते स्वयंपाकघरांत जाणार. ज्या हातांपासून मद्य राखावयाचें त्याच हातांत ते केंसाएवढ्या पातळ कांठाचे सोळा प्याले धुण्यापुसण्यासाठीं द्यावे लागत, आणि दुसऱ्या दिवशीं ते पुसून लख्ख होऊन परत येत. एवढा विश्वास त्या घराला रोज टाकावा लागे, आणि त्याची आठवण मात्र कोणी ठेवीत नसे. त्या पेटींतले अकरा प्याले इतक्या वर्षांनंतरही शाबूत आहेत. उरलेले पांच कोणाच्या हातून फुटले हें आतां सांगतां येणार नाहीं. कदाचित् एखाद्या पाहुण्याच्याच हातून फुटले असतील. त्यांची किंमत कोणाच्या पगारांतून वळती झाली, तें मात्र आम्हांस सांगावयास नको.